वस्तरा-शिंपला काढायचा कसा: बडोद्याहून निघण्याआधीपासून ताटात पडेपर्यंत

पहिल्या वर्षी मी फावडं घेऊन गेलो होतो. रत्नागिरीजवळ आत्याच्या गावी, ओहोटीच्या वेळी, दोन तास खणून सात शिंपले मिळाले आणि त्यांतले पाच फुटलेले. आत्याने त्याच पट्ट्यात, कमरेत वाकून, एक लोखंडी तार आणि मिठाची पुडी एवढ्यावर करंडीचा तळ झाकला. वर मला म्हणाली, "विहीर खणायला आलायस का रे?"

त्यानंतरच्या आठ-दहा खेपांत जे शिकलो ते इथे लिहितोय. बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळींपैकी कोकणात घर किंवा नातं असलेले पुष्कळ आहेत. सुट्टीत जातात, समुद्रावर फिरतात, भेळ खातात आणि परत येतात. पायाखालच्या वाळूत काय उभं आहे याचा पत्ताच नसतो. उभंच म्हणतोय, कारण हा शिंपला आडवा कधी नसतोच.

तिसऱ्या, शिवल्या, मुळे, खुबे, कालवं ही मंडळी बाजारात ओळखीची. रेझर क्लॅम हा त्यांचा लांबुळका भाऊबंद. न्हाव्याकडचा जुना, मिटणारा वस्तरा आठवा, तसा आकार. म्हणून मी घरात त्याला वस्तरा-शिंपला म्हणतो. गावागावात त्याचं नाव बदलतं, तेव्हा नावाने विचारत बसू नका. बोटाएवढा, सरळ, दोन्ही टोकांना उघडा असणारा शिंपला असं सांगा किंवा फोनवर फोटो दाखवा. आपल्याकडे सापडतो तो सोलेन वंशातला. जपानी लोक खातात तोही याच वंशातला. स्कॉटलंड-आयर्लंडकडचा एन्सिस त्याच्यापेक्षा पुष्कळ लांब, वीतभर सहज भरतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा सिलिक्वा पॅटुला रुंद आणि मांसल असतो. तिथे तो काढायला सहकुटुंब जत्रा लोटते.

काढण्याची प्रत्येक पायरी एका गोष्टीवर ठरते: हा प्राणी खाली कसा पळतो. वाळूत तो उभा असतो. वरच्या टोकाला पाणी आत-बाहेर करणाऱ्या आखूड नळ्या, खालच्या टोकाला मांसल पाय. धोका जाणवला की तो पाय खाली लांबवतो, पायाचं टोक फुगवून वाळूत नांगर टाकल्यासारखं रुतवतो, मग शिंपा झटकन मिटतो आणि स्वतःला खाली ओढून घेतो. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतल्या अमोस विंटर आणि सहकाऱ्यांनी एन्सिसचा अभ्यास करून तसं खणणारं यंत्रच बनवलं. त्यांच्या अभ्यासातली गंमत अशी की नुसत्या ताकदीवर हा प्राणी घट्ट वाळूत जेमतेम एक-दोन सेंटिमीटर गेला असता, पण तो सत्तर सेंटिमीटरपर्यंत जातो, तेही सेकंदाला साधारण एक सेंटिमीटर या वेगाने. शिंपा मिटताना आजूबाजूचं पाणी आत खेचलं जातं, भोवतालची वाळू क्षणभर पातळ होते आणि तो त्या रबडीतून खाली सरकतो.

म्हणजे वरून खणलंत तर त्याच्याशी शर्यत लावलीत, आणि ती तुम्ही हरणार. शिवाय फावड्याचं पातं बरोबर शिंप्यावर बसतं, ते वेगळंच. पाय आपटत चाललात तर तुम्ही पोचण्याआधीच तो निघून गेलेला असतो. हाताला लागल्यावर हिसका दिलात तर पाय तुटून खाली राहतो आणि वरचा अर्धा तुमच्या हातात. माझ्या पहिल्या सकाळी हे तिन्ही प्रकार झाले.

वेळ

बडोदेकरांना भरती-ओहोटी समजावायला मला कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ पुरतं. जंबुसरकडून गेलेल्या सगळ्यांनी पाहिलंय: दर्शन घेऊन बाजूला उभं राहावं आणि बघता बघता पिंड पाण्याखाली जावी, काही तासांनी पुन्हा वर यावी. दिवसातून दोनदा. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं असल्यामुळे तिथे पाणी फार चढतं. भावनगरकडे दहा मीटरच्या आसपासचा फरक पडतो. रत्नागिरीला तो अडीच-तीन मीटरच्या घरात. पण शिंपल्यांसाठी तेवढाही पुरतो, फक्त दिवस नीट निवडायला हवा.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं: पाणी जास्त चढतं आणि तितकंच जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी ना धड चढत ना उतरत. वस्तरा-शिंपला किनाऱ्याच्या खालच्या पट्ट्यात राहतो, जो फक्त उधाणाच्या ओहोटीला उघडा पडतो. भांगाच्या दिवशी गेलात तर नुसतं फिरणं होईल.

वेळ काढायला कोकणात जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराचा पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला. त्यात सहा तास बारा मिनिटं मिळवली की पूर्ण ओहोटी. आता द्वितीया घ्या: दोनाचा पाऊणपट दीड. रात्री दीडला भरती, सकाळी पावणेआठच्या आगेमागे ओहोटी. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस टिकतो, तेव्हा प्रतिपदा ते तृतीया या तीन सकाळी सगळ्यात सोयीच्या: उजेड असतो, ऊन चढलेलं नसतं, पाणी खोल गेलेलं असतं. कालनिर्णय भिंतीवर असेल तर बडोद्यात बसून तिकिटं याच हिशोबाने काढता येतात. ओखा-एर्नाकुलम गाडी बडोदा आणि रत्नागिरी दोन्हीकडे थांबते. तारीख तिच्या वारांशी जुळवावी लागते.

हा हिशोब मुंबई-कोकण किनाऱ्याचा, खंभातच्या आखाताचा नव्हे. आखातात भरती आत शिरायलाच काही तास लागतात. एकदा मी फोनवरच्या भरतीच्या अ‍ॅपवर विसंबलो. फोन बडोद्याचा, त्याने आपणहून आखातातलं बंदर निवडलेलं. पहाटे पाचला उठून घरच्या चौघांना घेऊन गेलो तर पाणी सुरूच्या झाडांना टेकलेलं. अ‍ॅप वापरा, पण बंदर कुठलं लावलंय ते आधी बघा. लाटांच्या इशाऱ्यासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा अंदाज पाहून ठेवा. स्वच्छ ऊन असतानाही दूरच्या वादळाच्या लाटा किनारा गाठतात.

किनाऱ्यावर पोचायचं ते पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी. पाणी उतरत जातं तसं त्याच्यामागे खाली जायचं. ओहोटी पूर्ण झाल्यावर फार तर अर्धा तास. मग करंडी रिकामी असली तरी मागे फिरायचं. पाणी नेहमी समोरूनच येतं असं नाही. खाडीच्या मुखाजवळ वाळूच्या दांड्यावर असताना मागच्या सखल भागातून आधी भरतं आणि तुम्ही बेटावर राहता. माझं एकदा तसं झालं, मांडीभर पाण्यातून यावं लागलं. पोहता येत असूनही पाय थरथरत होते.

कुठे जायचं, कुठे नाही

वाळूत थोडा गाळ मिसळलेला, सपाट, लाटांचा मार कमी असलेला किनारा हवा. खाडीच्या मुखाजवळचे पट्टे उत्तम. पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत रुतत असेल तर गाळ जास्त आहे; टाच नुसती उमटत असेल तर ठीक.

बडोद्याहून जवळ म्हणून आखाताच्या किनाऱ्यावर हा उद्योग करू नका. दहेज-कंबोईकडे वाळू कमी, चिखल फार, आणि पाणी चढण्याचा वेग नवख्याला झेपणारा नाही. दुसरी जागा जी आपल्या लोकांना सुचते ती द्वारका-ओखा. ओखामंडळ एकेकाळी बडोदा संस्थानातच होतं. सयाजीरावांच्या राजवटीत बडोदा सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी प्राणिशास्त्रज्ञाकडून तिथल्या समुद्री जीवांची पाहणी करवून घेतली. अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये आणि दुसरा १९१६ मध्ये निघाला. अभिमान वाटायला हरकत नाही, पण त्या भागातलं कच्छच्या आखाताचं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ पासून संरक्षित आहे. नरारा, पिरोटन ही बेटं बघायला जा. तिथून रिकामा शिंपाही उचलायचा नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, तिथेही तोच नियम. बाकी ठिकाणी गावातल्या कोळणींना विचारल्याशिवाय पट्ट्यात उतरू नका. तुमची हौस असते, त्यांचा दिवस त्यावर चालतो.

काय घ्यायचं

जाडं मीठ, एक किलो. सॉसची चोचीची प्लास्टिक बाटली. फूटभर रुंदीचं फावडं किंवा मोठं खुरपं, खणायला नव्हे, खरवडायला. हातभर लांबीची जाड तार. करंडी किंवा जाळीची पिशवी. प्लास्टिकची बादली फक्त समुद्राचं पाणी आणायला. पायात मागे पट्टा असलेले सँडल, कारण फुटलेल्या शिंप्याची धार नावाप्रमाणेच असते. टोपी. बस.

भोक ओळखणं

इथे घाई करणाऱ्याचं पुढचं सगळं वाया जातं, म्हणून जरा विस्ताराने.

ओल्या वाळूवर भोकं शेकडो असतात. गोल, मोठं, तिरपं जाणारं आणि बाजूला वाळूचा ढीग असलेलं भोक खेकड्याचं. भोवती साबुदाण्यासारख्या गोळ्या पसरलेल्या असतील तर तेही खेकडेच, छोटे. शेजारी शेवेसारखी वळकटी पडली असेल तर ती किड्याची विष्ठा. वस्तरा-शिंपल्याचं भोक लांबट असतं: कधी कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखं, कधी दोन टिंबं जोडून झालेल्या इंग्रजी आठासारखं. कडा स्वच्छ, आजूबाजूला काही पडलेलं नाही. कधी भोक दिसतच नाही, नुसता एक खळगा असतो, आणि तुमचं पाऊल जवळ पडलं की त्यातून पाण्याची पिचकारी उडते.

वरून काहीच कळत नसेल तर फावडं आडवं धरून वरची दोन-तीन बोटं वाळू हलकेच खरवडून काढा. वर लाटांनी बुजलेली भोकं खाली स्पष्ट उघडतात. जपानमध्ये सगळे असंच करतात. एक हातभर चौकोन खरवडायचा, वाकून बघायचं, नसेल तर चार पावलं पुढे. उलटं चालत गेलात तर आणखी बरं. पुढे पाहत चालणाऱ्याला पिचकारी दिसत नाही, कारण ती त्याच्या टाचेमागे उडते. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरचे लोकही हे शिंपले काढताना उलटे चालतात.

मीठ

नवख्यासाठी हीच रीत. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात. बाटलीत लिटरभर पाण्याला साडेतीनशे ग्रॅम मीठ विरघळवलं की ते दहापट खारट झालं. हे पाणी भोकात चमचाभर सोडायचं, किंवा कोरडं मीठ चिमूटभर. एवढा खारटपणा त्या प्राण्याला सोसवत नाही, आणि खाली पळण्याऐवजी तो वर येतो.

मग हात मागे घेऊन थांबा. अर्धा मिनिट, कधी दोन मिनिटं. भोकातलं पाणी हलतं, बुडबुडा येतो आणि टोक बोटभर वर येऊन लगेच आत जातं. इथे झडप घालायची नाही. एकदा हुकलं की तो खोल जातो आणि परत येत नाही. दुसऱ्यांदा येतो तेव्हा जरा जास्त वर येतो. आता अंगठा आणि दोन बोटांनी शिंप्यालाच धरा, वरच्या नळ्यांना नाही. धरा, पण ओढू नका. आत पाय रुतवलेला असतो, तो खाली खेचतोय हे बोटांना कळतं. पाच-सात सेकंदांत ती ओढ सैल पडते. मग सरळ वर, जराही तिरपं न करता, निरांजनातली वात वर सरकवावी तसं हळू उचला.

दोनदा मीठ घालूनही काही आलं नाही तर ते भोक सोडा. बाटली ओतत बसलात तर त्या जागेतले बाकीचे छोटे जीव मरतात.

तार आणि फावडं

तारेचं काम आत्याच्या हातचं. मला तीन वर्षांनी जमायला लागलं. तारेचं टोक बारीक, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं, बाजूला वळवलेलं. तार भोकात सरळ सोडायची, शिंप्याच्या आतून ती खाली जाते, पायापाशी पोचली की पाव वळसा फिरवून अडकवायची आणि वर घ्यायची. तार वाकडी गेली की शिंपा फुटतो. वेग मात्र जबरदस्त. तोटा असा की तारेने काढलेला शिंपला जखमी असतो, तो त्याच दिवशी शिजवावा लागतो. गाडीने न्यायचा असेल तर मिठानेच काढा.

फावड्याने खणायचंच असेल तर अमेरिकेतली रीत बरी: भोकापासून अर्धी वीत समुद्राच्या बाजूला पातं उभं खुपसायचं, दोन-तीन घासांत वाळू काढायची आणि उरलेलं काम हाताने, भोकाच्या बाजूने आत जाऊन. तिकडे एक नळकांडंही वापरतात, भोकावर बसवून दाबायचं, वरचं छिद्र अंगठ्याने बंद करून वाळूसकट उचलायचं. आपले शिंपले लहान, त्याला एवढ्या सरंजामाची गरज नाही. स्कॉटलंडमध्ये पाण्याखाली वीज सोडून ते वर आणण्याचे प्रकार झाले. तिथे ते बेकायदा आहे, २०१८ पासून फक्त सरकारी परवानगीच्या चाचणीपुरतं चालतं. हे सांगण्याचं कारण, कुणीतरी इन्व्हर्टरची बॅटरी घेऊन किनाऱ्यावर जायची कल्पना मला खरोखर सांगितली होती.

किती काढायचे

वॉशिंग्टन राज्यात माणशी दिवसाला पहिले पंधरा, लहान-मोठे-फुटके जे निघतील ते मोजून. फुटका टाकून चांगला घेण्याची मुभा नाही, कारण टाकलेला बहुधा मरतोच. आपल्याकडे असा आकडा कुणी घालून दिलेला मला भेटला नाही, पण चौघांच्या घराला साठ शिंपले म्हणजे पोटभर, म्हणून मी तोच हिशोब धरतो. करंगळीपेक्षा लहान भोक दिसलं तर मीठच घालायचं नाही. काढून परत पुरणं हा उपाय नव्हे. केरळच्या अष्टमुडी सरोवरात शिंपले काढणं डिसेंबर ते फेब्रुवारी बंद ठेवतात, पिलं वाढावीत म्हणून.

गणपतीत गेलात तर हा बेत काढू नका. पावसाळ्यात खाड्यांचं पाणी गोडं झालेलं असतं, गावातली घाण वाहून आलेली असते आणि समुद्र खवळलेला. दिवाळीनंतर ते मे सुरू होईपर्यंतचा काळ ठीक.

खाण्याआधी

शिंपला पाणी गाळून जगतो, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात जातं. नाल्याच्या, बंदराच्या, गटाराच्या जवळचे घ्यायचे नाहीत. त्याहून वाईट म्हणजे काही सूक्ष्म शेवाळांचं विष, ज्याला वास नाही, चव नाही, आणि शिजवून ते जात नाही. मंगळूरजवळच्या कुंबळ्यात १९८३ मध्ये शिंपले खाऊन लोक आजारी पडले आणि एक मृत्यूही झाला. अमेरिकेत १९९१ मध्ये याच वस्तरा-शिंपल्यांत डोमोइक आम्ल हे असंच एक विष सापडल्यापासून दर हंगामाआधी तपासणी होते, आणि दशलक्ष भागांत वीस भागांच्या वर गेलं की किनारा बंद. आपल्याकडे अशी पाटी किनाऱ्यावर लागत नाही. तेव्हा पाण्याला लाल-तपकिरी किंवा हिरवा रंग चढलेला असेल, मासे मरून लागलेले असतील किंवा गावातल्या बायकांनी काढणं थांबवलेलं असेल तर हात लावू नका. खाल्ल्यावर ओठ-जीभ बधिर वाटू लागली तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना.

काढलेले शिंपले समुद्राच्याच पाण्यात, सावलीत, तीन-चार तास ठेवा. पाणी दोनदा बदला. आतली वाळू ते आपणहून बाहेर टाकतात. नळाच्या पाण्यात ठेवलेत तर मरतात. तिसऱ्या निवडताना आपण मिटलेली चांगली, उघडी वाईट असं बघतो; इथे तो नियम चालत नाही, कारण याची टोकं उघडीच असतात. बाहेर आलेल्या पायाला बोट लावा. आक्रसला तर जिवंत, लोंबत राहिला तर फेका.

बडोद्याला जिवंत न्यायचे असतील तर ओलं गोणपाट, खाली बर्फाच्या पिशव्या, मध्ये पुठ्ठा, आणि वितळलेलं पाणी शिंपल्यांना लागणार नाही अशी सोय. रात्रभराचा प्रवास निभावतो, त्यापुढे नाही. मी आता आत्याकडेच वाफवून, मांस काढून, गोठवून डब्यातून आणतो. गाडीतल्या शेजाऱ्यांचेही आशीर्वाद मिळतात, आणि घरी आल्यावर समोरच्या बेननी नाकाला पदर लावण्याचा प्रसंग टळतो.

वाफवायला झाकणाच्या पातेल्यात पाणी घालायची गरज नाही. दोन-तीन मिनिटांत शिंपे पूर्ण उघडतात. त्याहून जास्त ठेवलेत तर रबर. मधला काळपट भाग म्हणजे पोट, तो सुरीने काढून टाका, पाय आणि पांढरं मांस ठेवा. सुटलेलं पाणी फडक्यातून गाळून जपा. मग कांदा, आलं-लसूण, घरचा मसाला, ओलं खोबरं परतून त्यात ते पाणी, तीन-चार आमसुलं, आणि मांस अगदी शेवटी, एक उकळी येईपर्यंत. मीठ चाखल्याशिवाय घालू नका, पाण्यातच भरपूर आहे.

रिकामे शिंपे अख्खेच कुंडीत खोचू नका. माती उकरताना बोट कापतं. धुऊन, उन्हात वाळवून, खलबत्त्यात भरड कुटून मग टाका.